गाठ, निरोप आणि गारगोटीची धूळ



शेंदूरजनाघाटला येऊन संत्र्याच्या कलमांवर बोलायचे सोडून मी फुप्फुसावर बोलणार आहे, याची क्षमा असावी. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचे शिक्षण मजुरांत आणि उसन्या पुस्तकांत झाले.

रॉबर्ट कॉकने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला आणि तो गिनीपिगांना टोचून रोगाचे कारण सिद्ध केले. पण जंतू शिरला म्हणजे रोग झालाच, असे नाही. फुप्फुसातली भक्षक पेशी त्याला गिळते. तो पुष्कळदा तिच्या पोटात जिवंतच राहतो. मग टी-पेशी येतात आणि इंटरफेरॉन-गॅमा नावाच्या द्रव्याचा निरोप तिला देतात, की आतल्याला मार. टीएनएफ हा दुसरा निरोप. त्याच्या बळावर पेशी जंतूभोवती दाटून गाठ धरतात. तो शरीराने घातलेला बांध. बांधही कधी नासतो; गिनीपिगाच्या गाठीचा मध्य सडून चक्क्यासारखा होतो. प्रयोगातल्या नेहमीच्या उंदरांत तसे सहसा होत नाही, तेव्हा एकाच जनावरावरून माणसाचा हिशेब मांडू नये.

१९९५ साली उंदरांत टीएनएफचा निरोप तोडून पाहिला. ते क्षयाने लवकर मेले. माणसांतला दाखला २००१ सालचा. टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे संधिवातावरचे औषध घेतलेल्या ७० जणांना क्षय झाल्याचे प्रसिद्ध झाले.

आता माझ्या मुद्द्याचे. अमेरिकेत सारानॅक लेक येथे लिरॉय गार्डनर याने सौम्य क्षय दिलेले गिनीपिग गारगोटीच्या धुळीत ठेवले. बऱ्या होत आलेल्या गाठी पुन्हा चिघळल्या. धुळीचा कण गिळते तीच भक्षक पेशी, आणि तो कण तिलाच मारतो. निरोप आला तरी घ्यायला घरात कोणी नाही!

आमचा एक जोडीदार परमुलखात गारगोटी दळण्याच्या चक्कीवर राबून खोकत परतला. दवाखान्याने क्षयाच्या गोळ्या दिल्या. त्या द्यायलाच हव्या होत्या. पण काय काम करत होतास, हे कोणी विचारले नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात धुळीच्या सिलिकोसिसची नोंद सक्तीची होती, क्षयाची नव्हती. तो गेल्यावर भरपाईसाठी मी त्याच्या बायकोबरोबर कागद घेऊन फिरलो. सगळ्यांवर क्षय एवढेच लिहिले होते. धंद्याचा रकाना कोराच होता.