अरबी समुद्रातले वादळांचे दोन हंगाम

अरबी समुद्रात वर्षाकाठी चक्रीवादळांचे दोन हंगाम येतात. पहिला पावसाआधीचा, एप्रिल ते जूनची सुरुवात. दुसरा पाऊस सरल्यावरचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला, तरी मोठं चक्रीवादळ सहसा उभं राहत नाही. तेव्हा खालचे वारे पश्चिमेकडून आणि उंचावरचे पूर्वेकडून जोरात वाहतात. या ओढाताणीत वादळाची घडी विस्कटते. पावसाळ्याच्या मागेपुढे ही ओढाताण सैल पडते, पाणी २६-२७ अंशांच्या वर तापलेलं असतं, आणि वादळाला जोर चढतो.

किनाऱ्यावरच्या माणसांना मात्र हे दोन हंगाम वेगवेगळे भोगावे लागतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पावसाळा तोंडावर होता. वादळाचा तडाखा बसला तो जमिनीवर. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात; तेवढी वर्षं वाडीवाल्याच्या घरातलं उत्पन्नच हरवतं.

दुसरा हंगाम माणसांना खोल समुद्रात गाठतो. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असते, मासेमारी ऐन भरात असते. नोव्हेंबर २००९ मधलं ‘फयान’ कोकणातले मच्छीमार अजून विसरलेले नाहीत. कित्येक खलाशी परतलेच नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’तून निसटलेल्या केरळ-तमिळनाडूच्या नौकांनी देवगड बंदराचा आसरा घेतला. २०१९ साली तर अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातली ‘क्यार’ आणि ‘महा’ एकाच वेळी समुद्रात होती, आणि ‘क्यार’ हे २००७ च्या ‘गोनू’नंतरचं अरबी समुद्रातलं पहिलं महाचक्रीवादळ ठरलं.

हवामान खात्याचे अंदाज आज पुष्कळ सुधारले आहेत. वादळाची वाट काही दिवस आधी कळते. पण बंदरावर चढवलेला इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा दूर समुद्रातल्या नौकेच्या तांडेलाला दिसत नाही, मोबाइलची रेंज किनाऱ्याजवळच संपते. त्याच्यापाशी बहुतेकदा उरतो वायरलेस आणि रेडिओ. आणि निरोप पोचला, तरी डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार असा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. समुद्र अजून शांत दिसत असताना रिकाम्या नौकेनं परतायचं, म्हणजे डोक्यावर कर्ज घेऊन परतायचं.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे. वादळात बुडालेल्या नौकेला आपण भरपाई देतो, तशी इशारा ऐकून वेळेत परतलेल्या फेरीलाही द्यावी. आणि तांडेलांनो, समुद्र शांत दिसला तरी इशारा मिळताच नौका वळवा. फेरी पुन्हा करता येईल. खलाशी पुन्हा मिळणार नाहीत.