गव्हावर गहू



मी दळण घेऊन निघालो की आई बजावायची, "गव्हावरच टाकायला सांग, ज्वारीवर नको." आधीचं पीठ गिरणीच्या दगडांत उरतं आणि आपल्या डब्यात येतं, हे तिला पोळी लाटताना हाताला कळायचं. मला आज बोलायचंय ते हाताला न कळणाऱ्या भेसळीबद्दल.

2007 साली अमेरिकेत मांजरं आणि कुत्री मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागली. त्यांच्या खाद्यात चीनहून आलेलं गव्हाचं ग्लूटेन होतं. तपासात निघालं ते साधं गव्हाचं पीठ, आणि त्यात मेलामाइन, ज्याच्या ताटल्या बनतात ते. मग पिठाला ग्लूटेनचा भाव मिळाला कसा? भाव ठरतो प्रथिनांवर, पण त्यासाठी वापरतात ती केल्डालची 1883 सालची चाचणी प्रथिनं मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते. गव्हासाठी त्याला 5.7 ने गुणलं की प्रथिनांचा आकडा येतो. मेलामाइनच्या वजनात दोन-तृतीयांश नायट्रोजनच असतो. म्हणजे एक ग्रॅम मेलामाइन कागदावर 3.8 ग्रॅम प्रथिनं होऊन बसतं. चाचणी बिनचूक होती, तिला विचारलेला प्रश्न चुकला होता. पुढच्याच वर्षी चीनमध्ये बाळांच्या दूधपावडरीत मेलामाइन सापडलं. सुमारे 3 लाख मुलं आजारी पडली, 6 दगावली. वर्षभर आधी इशारा मिळूनही हे घडलं, याचा मला आजही संताप येतो.

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, अशी भेसळ पकडायला तुमच्या हाती आता निकट-अवरक्त वर्णपटमिती आहे. पिठावर प्रकाश टाकायचा आणि परतणाऱ्या प्रकाशात रेणूंच्या बंधांच्या खुणा वाचायच्या. ना आम्ल, ना उकळणं, मिनिटाभरात काम. मेलामाइनची ठळक खूण 1470 नॅनोमीटरच्या आसपास दिसते. पण पाण्याचा रुंद पट्टा 1450 ला, अगदी शेजारी! त्यामुळे पावसाळ्यात सादळलेलं पीठ यंत्राला चकवतं, जाडसर दळलेलंही चकवतं. मशीन लर्निंग शेकडो तरंगलांबी एकत्र तोलून हा गुंता सोडवतं, पण शिकवलं असेल तेवढाच. उन्हाळ्यात एकाच गिरणीतून आणलेल्या नमुन्यांवर घडवलेलं मॉडेल भेसळीऐवजी ती गिरणी आणि तो हंगाम ओळखू लागतं. आणि उद्या कुणी वेगळीच पावडर मिसळली, तर ते बेधडक 'शुद्ध' म्हणेल. म्हणून संगणकापुढे बसण्याआधी गावोगाव हिंडा. लोकवन, शरबती, खपली, मे महिन्यातलं आणि श्रावणातलं, असं निर्भेळ पीठ गोळा करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत मोलाचंही तेच.

आणखी एक हिशेब सांगतो. समजा, हजार पोत्यांत एकच भेसळीचं आहे आणि तुमचं यंत्र 99 टक्के अचूक आहे. ते दोषी पोतं बहुधा पकडेल, पण त्याबरोबर दहाएक निर्दोष पोत्यांवरही बोट ठेवेल. ती पोती कुणाच्या तरी छोट्या गिरणीतली असतील आणि त्यावर एक घर चालत असेल. लाल दिवा लागला म्हणून लगेच निकाल लिहू नका. नमुना क्रोमॅटोग्राफीच्या तपासणीला पाठवा. आणि अहवाल येईपर्यंत त्या गिरणीवाल्याला स्वतः फोन करून विचारा, "दादा, याच्या आधी काय दळलं होतं?"