डोंगरी सायकलीचा विमानप्रवास

विमान आणि सायकल हीं दोन वाहनें वरवर पाहतां एकमेकांपासून फार दूरचीं वाटतात. एक ढगांवरून तासाला आठशें किलोमीटरांच्या वेगानें जाणारें, तर दुसरें माणसाच्या पायांच्या बळावर धुळींतून चालणारें. परंतु वंशावळ पाहूं गेलें असतां हीं दोन्ही एकाच घरचीं ठरतात. अमेरिकेंतील डेटन या गांवीं विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीं १८९२ सालीं सायकलींचें दुकान थाटलें. पंखावर हवेचा जोर किती पडतो हें मोजण्यासाठीं १९०१ मध्यें त्यांनीं एका सायकलीच्या हॅंडलावर तिसरें चाक आडवें बसविलें व ती सायकल जोरानें चालवून पाहिली. पुढें १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉक येथें त्यांचें यंत्र प्रथम उडालें तें बारा सेकंद आणि १२० फूट. त्या यंत्राचे पंखे फिरविण्याचें काम साखळ्या व दांत्यांचीं चाकें यांच्याकडे होतें. आणि त्याचें इंजिन घडविणारा चार्ली टेलर हा त्यांच्या सायकलीच्या दुकानांतीलच कारागीर होता. तात्पर्य, विमान जन्मास आलें तें सायकलीच्या घरीं. आज मात्र लेंकरूं मोठें झालें आहे, आणि आईला पोटांत घेऊन चल म्हटलें, कीं तें अनेक अटी घालतें. त्या अटी कोणत्या, त्यांमागील कारणें काय, आणि त्या पाळून सायकल धडपणें कशी न्यावी, हा या भाषणाचा विषय आहे.

ज्या सायकलीस माउंटन बाईक म्हणतात, तिचा जन्मही अमेरिकेंतलाच. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगराच्या वाटा उतरूं लागले, आणि १९७६ च्या ऑक्टोबरांत तेथें शर्यती सुरूं झाल्या. वाट दोन मैलांच्या आसपास, आणि उतार सुमारें १,३०० फूट! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्यें असे. उतरतांना तो इतका तापे, कीं आंतील वंगण जळून त्याचा धूर होई, व खालीं पोंचल्यावर हब उघडून त्यांत नवें वंगण भरावें लागे. म्हणून त्या वाटेला 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असें नांव पडलें. १९७७ मध्यें जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं नवा सांगाडा घडविला, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीस स्थान मिळालें. या सायकलीच्या जन्मकथेंतच ब्रेकचा प्रश्न आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें प्रयोजन पडेल.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. पुण्यामुंबईकडील हौशी सायकलस्वार उन्हाळ्यांत लडाखची वाट धरतात. ज्याच्यापाशीं रजा थोडी, तो दिल्लीमार्गें विमानानें लेहला जातो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंचीवर आहे. तेथून जवळच खारदुंग ला ही प्रसिद्ध खिंड आहे. तिच्यावरील फलकावर अनेक वर्षें १८,३८० फूट असा आंकडा लिहिलेला असे. आधुनिक मोजणीनें ती उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारें १७,५८२ फूट भरते. एवढ्या उंचीवरून सायकलस्वार लेह शहराकडे उतरूं लागला, म्हणजे सुमारें ४० किलोमीटरांच्या अंतरांत तो १,८५० मीटर खालीं येतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी, आणि मध्यें त्याचे दोन ब्रेक. या उतारावर सायकल नीट थांबते कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळ अंशीं मुंबईंत खोका बांधतांनाच लागलेला असतो. बांधाबांधीचा विचार पैशांपुरता नसून जिवाचा आहे, तो यामुळें.

पहिला हिशेब वजनाचा. देशांतर्गत विमानांत स्वस्त तिकिटावर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते. साधारण डोंगरी सायकल १४ किलो भरते. सायकलीच्या दुकानांत नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येते, तो खोका मागितल्यास बहुधा फुकट मिळतो. त्याचें वजन आंतील भरणासह तीन किलो धरलें, तर एकूण १७ किलो होतात, आणि जादा आकार दोन किलोंचा पडतो. तीच सायकल ११ किलो वजनाच्या टणक पेटींत घातली, तर २५ किलो होतात व जादा दहा किलोंचे पैसे मोजावे लागतात. शिवाय ती रिकामी पेटी लेहला ठेवावयाची कोठें, हा प्रश्न उरतोच. दुसरा हिशेब आकाराचा. सामानाच्या लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरांपर्यंत असावी, असा पुष्कळ कंपन्यांचा नियम आहे. सायकलीचा खोका सुमारें १४० लांब, ७५ उंच व २२ रुंद असतो, बेरीज २३७. म्हणून त्याची गणना मोठ्या आकाराच्या सामानांत होते व त्याची तपासणी वेगळ्या ठिकाणीं होते. अशा सामानाची वर्दी विमानकंपनीस आगाऊ द्यावी, मिळालेलें उत्तर लेखी असावें, आणि विमानतळावर नेहमींपेक्षां एक तास तरी आधीं जावें.

बांधणीचा क्रम असा. प्रथम बैठकीच्या दांड्यावर व हॅंडलावर चिकटपट्टीच्या खुणा कराव्या, म्हणजे पुन्हा जोडतांना उंची व कोन शोधावे लागत नाहींत. नंतर पेडलें काढावीं. उजव्या पेडलाचे आटे नेहमींसारखे, पण डाव्याचे उलटे असतात. हें ठाऊक नसलेला मनुष्य डाव्या पेडलाशीं झटतो व तें अधिकच आंवळून बसतो. सोपा नियम असा, कीं पाना वरच्या अंगास उभा धरून मागच्या चाकाकडे फिरविला, म्हणजे दोन्ही पेडलें सुटतात. मग पुढचें चाक काढावें. चाक काढलेल्या चिमट्याचीं टोंकें दाबानें आंत वांकूं शकतात. म्हणून त्यांच्यामध्यें लांकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा बसवावा. गिअर बदलणारा डिरेलर ज्या लहानशा पट्टीवर लटकलेला असतो, ती पट्टी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. हेतु हा, कीं आघात झाल्यास ती वांकावी व सांगाडा वांचावा. परंतु खोका त्या बाजूस आपटला, तर हीच पट्टी प्रथम वांकते आणि मग गिअर जागेवर बसत नाहींत. डिरेलर सोडवून, कापडांत गुंडाळून, सांगाड्याच्या मागच्या त्रिकोणांत बांधून ठेवावा.

ब्रेकचें प्रकरण स्वतंत्र सांगण्यासारखें आहे. अलीकडच्या डोंगरी सायकलींत तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी चकतीस दोन बाजूंनीं दोन गुटके दाबतात व चाक थांबतें. चाक काढल्यावर गुटक्यांमध्यें चकती राहत नाहीं. अशा वेळीं हॅंडलावरील दांडी चुकून दाबली गेली, तर गुटके एकमेकांस भिडून बसतात व चकतीस आंत शिरण्यास वाव उरत नाहीं. त्यासाठीं चकतीच्या जागीं प्लॅस्टिकची किंवा जाड पुठ्ठ्याची पट्टी घालावी व दांडी रबरानें बांधावी. चकत्या शक्य तर चाकावरून काढून दोन सपाट पुठ्ठ्यांमध्यें ठेवाव्या. कारण त्या पातळ असतात, आणि एका जड ट्रंकेच्या भारानेंही वांकूं शकतात. बोटांचें तेल चकतीस लागूं देऊं नये. त्यानें ब्रेकची पकड जाते.

टायरांतील हवेविषयीं मोठा गैरसमज आढळतो. आकाशांत गेल्यावर टायर फुटतील या भीतीनें कांहीं लोक हवा समूळ काढतात. वस्तुतः प्रवासी जेट विमानाचा मालकक्ष हा बैठकीच्या कक्षाप्रमाणेंच दाबबंद असतो. त्यांतील हवेचा दाब फार तर आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका उतरतो. समुद्रकांठीं हा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो, तेथें सुमारें १०.९ होतो; म्हणजे टायराच्या आंतल्या बाजूचा जोर जेमतेम चार पौंडांनीं वाढतो. तीस पौंड हवा भरलेला टायर चौतीस पौंडांस फुटत नाहीं. लेहच्या बाबतींत तर मौज अशी, कीं विमान उतरण्यापूर्वीं आंतील दाब हळूहळू विमानतळावरील दाबाशीं मिळविला जातो, आणि लेहची हवा आठ हजार फुटांवरील हवेपेक्षांही विरळ आहे. म्हणजे टायराच्या दृष्टीनें भर आकाशापेक्षां लेहची जमीनच अधिक उंच! तथापि पुष्कळ कंपन्यांचा हवा काढण्याचा आग्रह असतो. तो मानावा, पण थोडी हवा शिल्लक ठेवावी. आपटलेल्या खोक्यांत तीच हवा रिमचें रक्षण करते. ट्यूब नसलेल्या टायरांत तर हवा समूळ गेल्यास टायराची कड रिमवरून सुटते व आंतील चिकट द्रव सांडतो.

कांहीं वस्तू खोक्यांत घालूं नयेत. दिव्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या व पॉवर बँक हातच्या पिशवींतच ठेवाव्या. कारण त्यांनीं पेट घेतल्यास कक्षांतील कर्मचाऱ्यांस इलाज करतां येतो, मालकक्षांत तो करतां येत नाहीं. विजेवर चालणाऱ्या सायकलीची मोठी बॅटरी प्रवासी विमानांत चालत नाहीं. दाबलेल्या वायूच्या नळकांड्या घरीं ठेवून हातपंप न्यावा. पंक्चर काढण्याचें द्रावण ज्वालाग्राही असतें. त्याऐवजीं स्वतःच चिकटणाऱ्या चकत्या न्याव्या. उलटपक्षीं पाने व किल्ल्या मालकक्षांत जाणाऱ्या सामानांतच पाहिजेत.

खोका एकदां काउंटरवर दिला, म्हणजे तो परक्यांच्या हातीं जातो. ते हात कोणाचे, याचा विचार प्रवासी क्वचितच करतो. लहान विमानांच्या मालकक्षांत उंची इतकी कमी असते, कीं माणसास ताठ उभें राहतां येत नाहीं. माल चढविणारा कामगार तेथें वांकून किंवा गुडघ्यांवर बसून एकामागून एक नग सरकवीत असतो, आणि विमान वेळेवर सुटलें पाहिजे म्हणून त्याच्यामागें घाई लागलेली असते. एक नग ३२ किलोंहून जड असूं नये, हा दंडक त्याच्या पाठीसाठीं आहे. खोक्यास दोन्ही बाजूंनीं हात घालण्याजोगीं भोकें पाडावीं व त्यांच्या कडा चिकटपट्टीनें मजबूत कराव्या. ज्याला धरावयास जागा मिळते, तो वस्तू फेंकत नाहीं. 'ही बाजू वर' असें अवश्य लिहावें, पण त्यावर विसंबूं नये. खोका कोणत्याही कुशीवर निजविला जाईल व त्याच्यावर चार बॅगा पडतील असें धरूनच आंतील बांधणी करावी. तपासणीसाठीं तो उघडावा लागल्यास परत नीट मिटतां यावा, म्हणून आंत सामानाची यादी व थोडी चिकटपट्टी ठेवावी.

मोडतोड झाल्यास जबाबदारी नाहीं, अशा कागदावर कांहीं कंपन्या प्रवाशाची सही घेतात. सही करण्यापूर्वीं तो कागद वाचावा, आणि बांधण्याआधीं सायकलीचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. माल हातीं आल्यावर विमानतळ सोडण्यापूर्वींच खोका उघडून पाहावा व इजा दिसल्यास तेथेंच लेखी तक्रार नोंदवावी. आंतरराष्ट्रीय प्रवासास १९९९ चा माँट्रियल करार लागू असेल, तर मोडतोडीची तक्रार सात दिवसांच्या आंत लेखी करावी लागते. उशिरा मिळालेल्या मालासाठीं ही मुदत एकवीस दिवसांची आहे.

लेहला उतरलेल्या माणसास पहिले दोन दिवस विश्रांति घ्यावी लागते; विरळ हवेची शरीरास संवय होण्यास तेवढा अवधि पाहिजेच. सायकल जोडण्यास हेच दिवस योग्य. पण पहिल्या दिवशीं डोकें जड असतांना पाना हातीं घेऊं नये. दुसऱ्या दिवशीं सावकाश जोडावें. हॅंडलाचे स्क्रू आळीपाळीनें व सारखे आंवळावे, चाकांचे आंस तपासावे, चकत्या गुटक्यांस न घासतां फिरतात कीं नाहीं तें पाहावें, आणि मग सपाट रस्त्यावर दोन्ही ब्रेक दहादहा वेळां दाबून त्यांची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून खिंडीकडे तोंड करूं नये. परतीच्या प्रवासासही एक दिवस हातचा राखावा. विरळ हवेंत विमानास कमी भार घेऊन उडावें लागतें, आणि अशा वेळीं मोठा खोका मागें राहून पुढील विमानानें येणें शक्य असतें.

एवढा सारा खटाटोप पाहून कोणी विचारील, कीं लेहला सायकली भाड्यानें मिळतात, मग हा व्याप कशाला? चार दिवसांसाठीं जाणाऱ्यानें खुशाल भाड्याची घ्यावी. तोच हिशेब सरळ. परंतु ज्यानें वर्षभर एकाच सायकलीवर सिंहगडाचा घाट चढला, तिच्या ब्रेकची ओढ ज्याच्या बोटांस पाठ झाली, त्याला उतारावर तिचाच भरवसा वाटतो, आणि त्या वाटण्यास आधार आहे. मात्र तो भरवसा खोक्यांतून आपोआप येत नाहीं. तो ठोकळ्यानें, पुठ्ठ्यानें, दोरीनें बांधून आणावा लागतो, आणि पोंचल्यावर पुन्हा तपासून घ्यावा लागतो. डोंगर उतरतांना दुरुस्तीस सवड मिळत नाहीं. ती सवड आदल्या दिवशीं, घरच्या ओसरीवर असते.