पऱ्हाटी नावाच्या गावची रोझेटा

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, मीही आज भाजी निवडता निवडताच काय बोलायचं ते ठरवलंय.

मी लातूरची. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर एक वेगळाच उद्योग मागं लावून घेतला. महिन्यातून दोन-तीनदा एस.टी.त बसायचं, लातूर नाहीतर नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जायचं आणि रॉक संगीताच्या इतिहासावर बोलायचं. मुलगा म्हणतो, “आई, अगं गावात भजनाला माणसं मिळेनात, तुझ्या रॉकला कोण येणार?” त्याचं अगदीच चूक नव्हतं.

ही आवड पुण्याची. शिकायला तिथं वसतिगृहात होते. खोलीतल्या मैत्रिणीकडं टेपरेकॉर्डर होता आणि इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट होत्या. विजेवरची गिटार, मागं ड्रमचा दणदणीत ठेका, आणि गळा मोकळा सोडून गाणारी माणसं. पहिल्यांदा कानावर हात ठेवले. महिनाभरात मीच तिच्याकडं कॅसेट मागायला लागले.

आता वाचनालयांचं सांगते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळं आपल्याकडं गावोगावी वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. मी जाते ती बहुतेक ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली. एक खोली, चार-सहा कपाटं, एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं, आणि तुटपुंज्या पगारावर सगळं सांभाळणारे ग्रंथपाल. टेबलाभोवती पुरुष बसलेले. बायकांची नावं सभासदांच्या वहीत असतात, पण पुस्तक बदलायला बऱ्याचदा पोरगं येतं.

माझं पहिलं भाषण सपशेल पडलं. अमेरिकेतला एल्विस प्रेस्ली सांगितला, इंग्लंडचे बीटल्स सांगितले, साल-तारखांसकट. समोर दहा-बारा पुरुष आणि सुट्टी म्हणून आलेली चार पोरं. एक आजोबा चक्क झोपले होते. शेवटी टाळ्या झाल्या, नारळ दिला. चहा घेऊन आलेली बाई दारातच उभं राहून ऐकत होती. कप गोळा करताना ती हळूच म्हणाली, “ताई, ह्यात बाया नव्हत्या का वं?”

परतीच्या एस.टी.त तेच डोक्यात घोळत होतं. बाया होत्या. मला माहीतही होत्या. मीच त्यांना शेवटच्या पाच मिनिटांत ढकललं होतं, आणि वेळ संपला म्हणून तेवढंही राहून गेलं.

मग मी भाषण नव्यानं लिहिलं आणि सुरुवात बदलली. आता मी उभी राहते आणि म्हणते, “बायांनो, अमेरिकेत एक गाव आहे. त्या गावाचं नाव ‘पऱ्हाटी’.” सगळ्या हसतात. पण हे खरं आहे. आर्कान्सा राज्यातल्या त्या गावाचं इंग्रजी नाव ‘कॉटन प्लांट’, म्हणजे आपली पऱ्हाटीच. तिथं १९१५ साली एक मुलगी जन्मली. पुढं तिला जग सिस्टर रोझेटा थार्प म्हणू लागलं.

त्या मुलखात काळ्या लोकांना गुलाम म्हणून आणून कापसाच्या शेतात राबवलं होतं. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाचीच राहिली. मग बटई आली. बी-बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि हंगाम संपला की हिशोबात कुळाच्याच नावावर कर्ज. हे सांगायला लागलं की मला पुढं फार समजवावं लागत नाही. बायका एकमेकींकडं बघून मान हलवतात.

या शेतांमध्ये गाणी होती. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. कमरेला ओटी बांधून एका रांगेत वेचणाऱ्या आपल्या बायका असंच गातात ना? जात्यावरसुद्धा एकीची ओळ दुसरी पुढं नेते. त्या गाण्यांतून आणि चर्चमधल्या भजनांतून ब्लूज आणि गॉस्पेल हे प्रकार वाढले, आणि त्यांच्याच पोटी पुढं रॉक आलं.

रोझेटाची आई चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची. पोरगी लहानपणीच गिटार घेऊन तिच्यासोबत उभी राहायला लागली. १९३८ साली तिच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. देवाचं गाणं ती विजेच्या गिटारीवर असं वाजवायची की ऐकणाऱ्याचे पाय थांबायचे नाहीत. चर्चमधल्या काहींना ते रुचलं नाही. बाईनं देवाचं गाणं नाचगाण्याच्या ठिकाणी न्यावं का, यावर कुजबुज झाली. ती गातच राहिली. १९४७ साली एका गावी तिनं चौदा वर्षांच्या एका पोराला आपल्या कार्यक्रमाआधी मंचावर गायला लावलं. तो पुढं लिटल रिचर्ड नावानं गाजला, रॉकच्या पहिल्या मोठ्या गायकांपैकी एक.

इथं मी कापसाची आणखी एक गोष्ट सांगते. अमेरिकेतला कापूस जहाजानं इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात उतरायचा आणि मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तो कापूस थांबला, तेव्हा आपल्या देशातल्या कापसाला एकदम भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. त्याच लिव्हरपूलमध्ये शंभर वर्षांनी बीटल्स तयार झाले, अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या तबकड्या ऐकत ऐकत. आणि त्याच मँचेस्टरमध्ये १९६४ च्या मे महिन्यात रोझेटा आली. बंद पडलेल्या एका रेल्वे स्टेशनात टी.व्ही.साठी कार्यक्रम होता. रूळाच्या एका बाजूच्या फलाटावर ऐकणारी तरुण पोरं, समोरच्या फलाटावर ही पन्नाशीला आलेली बाई, अंगात जाड कोट, गळ्यात गिटार, आणि हवा पावसाची. मी हा तुकडा मोबाइलवरून वाचनालयाच्या भिंतीवर दाखवते. त्या वेळी कुणी झोपत नाही.

गेल्या संक्रांतीला नांदेड जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रंथपालांनी युक्ती केली. वाचनालयातच तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला, आणि निरोप देताना सांगितलं, सगळ्याच जणी या, नवरा असलेल्या-नसलेल्या. पन्नासएक बायका आल्या. त्यातल्या कितीतरी त्या खोलीत पहिल्यांदाच पाय ठेवत होत्या.

त्या दिवशी मी बिग मामा थॉर्नटनची गोष्ट सांगितली. धिप्पाड बाई, आवाज तसाच. नवरा म्हणवणाऱ्या निकम्म्या माणसाला दारातून हाकलून देणारं एक गाणं तिनं १९५२ साली गायलं, ‘हाउंड डॉग’. दोन तरुण मुलांनी लिहिलेलं, पण प्राण तिनं फुंकला. १९५३ साली ते काळ्या लोकांच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. तीन वर्षांनी तेच गाणं एल्विसनं गायलं आणि ते जगभर त्याचं म्हणून ओळखलं गेलं.

मागून एक म्हातारी म्हणाली, “माय, त्या बाईला पैशे भेटले का?”

मी सांगितलं, पाचशे डॉलरच्या आसपास मिळाले, असं ती स्वतः सांगायची. बाकी काही नाही.

“म्हंजी वेचणीचे भेटले,” म्हातारी म्हणाली. “कापूस ज्येचा त्येचाच.”

खोलीत कुणी हसलं नाही. मैत्रिणींनो, रॉकच्या इतिहासावर मी बरीच पुस्तकं वाचलीत, पण इतक्या थोडक्यात हे कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

मी पुढचंही सांगितलं. रोझेटा १९७३ साली गेली. तिच्या कबरीवर तीस वर्षांहून जास्त काळ नावाचा दगडसुद्धा नव्हता. नंतर तिच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्यांनी कार्यक्रम करून पैसे गोळा केले आणि दगड बसवला. अमेरिकेत रॉकच्या मानकऱ्यांचं एक सभागृह आहे, तिथं तिचं नाव २०१८ साली लागलं. थॉर्नटनचं २०२४ साली. तिला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

कार्यक्रम संपल्यावर त्या म्हातारीनं जात्यावरच्या सहा ओव्या म्हटल्या. मी वही काढली आणि नाव विचारलं. ती म्हणाली, “माझं नाव कशाला? गाणं काय माझं हाय का? समद्या बायांचं हाय.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं खरंच होतं, ओवी एकीची नसते. मग मी म्हटलं, “आजी, थॉर्नटननंही गाणं लिहिलं नव्हतं. पण म्हटलं कुणी, हे तरी लोकांना कळू दे.” तिनं थोडा विचार केला. “मग दोन्ही लिही,” म्हणाली, “माहेरचंबी आन् सासरचंबी.” दोन्ही लिहिली. ती वही आता त्या वाचनालयात आहे, आणि ग्रंथपालांनी दाखलनोंद वहीत तिला इतर पुस्तकांसारखाच नंबर दिलाय.

हे काम आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, ते माहीत असू द्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यात राहून सहकाऱ्यांसोबत हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्यात आहे. ‘परी’ या संकेतस्थळावर मोबाइलवरसुद्धा ते ऐकता येतं.

आणि मी? माझी आई नांदेडकडची. वेचणीला जायची, पहाटे दळायची, गायची. मी त्या वेळी पुण्यात इंग्रजी गाण्यांच्या ओळी वहीत उतरून घेत होते. आईची एकही ओवी मी तेव्हा लिहिली नाही. आज मला तीनच आठवतात, त्यातली एक अर्धीच. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली.

म्हणून एवढं करा. घरात सासू, आई, आजी, चुलती कुणी असेल, तर या आठवड्यात एकदा जवळ बसा. दुपारी, भांडी झाल्यावर. गाणं लिहा किंवा मोबाइलवर घ्या. वर तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि तारीख घाला. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या, पण पोराच्या हाती पाठवू नका. स्वतः जा, टेबलावर वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना थोडं सरकायला सांगा, बसा, आणि ग्रंथपालांकडून नोंद करून घ्या. आलाच आहात तर एक पुस्तकही घेऊन या.

पुढच्या महिन्यात मी लोहा आणि कंधारकडं येतेय. तुमच्या गावच्या ग्रंथपालांना सांगितलंत तर तिकडंही येईन. नारळ नको. चहा चालेल, पण तो करणारीला आधी समोर बसवा. नमस्कार.