फाटका मोजा आणि ईस्टरचे अंडे



विरलेल्या कपड्याचे पुढे काय होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. लुगडे विरले की त्याची गोधडी होते, धोतर विरले की बाळाची दुपटी होतात, आणि दुपट्यांतूनही काही उरले तर त्याचे चुलीपुढचे फडके होते. आज ज्या जुन्या वस्त्राविषयी मी बोलणार आहे त्याच्यापासून सणाची आरास होते. गंमत अशी की त्या आराशीत ते स्वतः कुठेच दिसत नाही. हे वस्त्र म्हणजे बायकांच्या पायांतला पातळ, नायलॉनचा लांब मोजा. देश सर्बिया, आणि सण ईस्टरचा.

सर्बिया हा युरोपच्या आग्नेय भागातला देश. १९९१ पासून ज्या युगोस्लाव्हियाची शकले होत गेली, त्यातलेच हे एक शकल. तिथले बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती. ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस. आपल्या वसईकडच्या ख्रिस्ती बांधवांचाही हा मोठा सण. मात्र सर्बियातले चर्च सणाचा दिवस जुन्या जुलियन पंचांगाने काढते, म्हणून पुष्कळदा इथला ईस्टर आणि तिथला ईस्टर वेगवेगळ्या रविवारी येतो.

आता या सणात अंडे कुठून आले? धर्माच्या दृष्टीने अंडे म्हणजे बंद कबर आणि तिच्यातून बाहेर येणारा नवा जीव. पण त्याला एक घरगुती कारणही आहे, आणि ते शेतकऱ्याला चटकन पटेल. ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे उपवासाचे. कडक उपवास पाळणाऱ्याला मांस, दूध, अंडी सगळे वर्ज्य. पण माणसाने उपवास धरला म्हणून कोंबडी काही अंडी घालायची थांबत नाही! वसंतात तर ती जास्तच घालते. अशी टोपलीभर अंडी साठतात आणि सणाच्या तोंडावर ती उकडून रंगवली जातात. रंगवण्याचा दिवस ठरलेला: गुड फ्रायडे.

बाजारात रंगाच्या पुड्या मिळतात, चिकटवायची चित्रेही मिळतात. पण जुन्या वळणाच्या घरातली आजी वर्षभर दोन गोष्टी जपून ठेवते. एक, कांद्याची कोरडी टरफले. आणि दुसरी, धागा निघालेले मोजे. नायलॉनचे मोजे बाजारात आले ते १९४० साली, अमेरिकेत. म्हणजे ही युक्ती तशी फार जुनी नव्हे. त्याआधी पातळ कापडाची चिंधी आणि दोरा यांवर काम भागत असे. पण मोज्याला जो ताण आहे तो चिंधीला कुठला?

कृती सांगतो, म्हणजे हा ताण कशाला हवा ते कळेल. दहा-बारा कांद्यांची टरफले लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळायची. पाणी विटकरी रंगाचे होते. ते गाळून निवू द्यायचे आणि त्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालायचे. अंड्याचे कवच म्हणजे एक प्रकारचा चुनाच; आंबट पाण्याने ते किंचित खरबरीत होते आणि रंग धरते. आता एक लहान, कातरलेल्या कडांचे पान घ्यायचे. तिकडे पार्सलीचे घेतात. आपल्याकडे कोथिंबिरीचे, गाजराच्या पाल्याचे किंवा आंबुशीचे चालेल. पान ओले करून कच्च्या अंड्यावर पसरायचे, त्यावर मोज्याचा तुकडा चढवायचा, आणि पाठीमागे पीळ देऊन दोऱ्याने आवळून बांधायचे. मग अंडे रंगाच्या पाण्यात सोडून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवायचे. थंड झाल्यावर मोजा कापून पान अलगद सोलले की तांबूस अंड्यावर पानाची पांढरी आकृती उमटलेली असते, शिरांच्या बारीक रेषांसकट. शेवटी तेलाचे बोट फिरवले की अंडे चकाकू लागते.

सारी करामत त्या आवळण्यात आहे. पान जिथे कवचाला घट्ट चिकटले तिथे रंग शिरत नाही. जिथे सैल राहिले तिथे तो आत झिरपतो आणि नक्षी फिसकटते. मी घरी करून पाहिले तेव्हा जुन्या मलमलीच्या तुकड्याने बांधलेली अंडी बरी निघाली, मोज्यातली मात्र लखलखीत. अंडी पांढऱ्या कवचाची घ्यावीत, गावरान तांबूस अंड्यावर आकृती पुसट दिसते. आपल्या लाल कांद्याच्या टरफलांनी रंग जरा गडद, जांभळट तपकिरी येतो. तोही मला आवडला.

काही देशांत जुन्या रेशमी टायचा छापच अंड्यावर उतरवतात. पण तो रंग पोटात जाण्याजोगा नसतो, तेव्हा ती अंडी नुसती पाहण्याची. (आणि हे ऐकून कोणी आईच्या पैठणीला कात्री लावू नये, बरं का!)

या टरफलांची आणि मोज्यांची किंमत कळायला एक साल आठवावे लागेल: १९९३. सर्बियात तेव्हा युद्धाचे दिवस, बाहेरचा व्यापार संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंधांनी तोडलेला, आणि महागाई इतकी भडकलेली की सरकारने ५० हजार कोटी दिनारांची एकच नोट काढली. तिच्यावर चित्र होते योव्हान योव्हानोविच झ्माय यांचे. मुलांसाठी कविता लिहिणारा हा कवी! सकाळी हातात पडलेल्या पगाराची किंमत संध्याकाळपर्यंत उतरलेली असे. आरास जर दुकानातूनच आणावी लागली असती, तर अशा साली कितीतरी घरांतला सण अडला असता. कांद्याच्या टरफलाला नोट लागत नाही. आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आज प्लॅस्टिकची रंगीत अंडी पैशाला पासरी मिळतात. ती मला आरास वाटत नाहीत, नुसता माल वाटतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा उद्योग वर्गात करण्याजोगा आहे. पानाच्या शिरांची रचना फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा ती अशी उमटलेली मुलांच्या कायमची ध्यानात राहते. मात्र ज्या घरांत अंडे चालत नाही तिथल्या मुलाला ते हातात घ्यायचा आग्रह करू नका. पाने जमवणे, टरफले गोळा करणे ही कामेही थोडी नाहीत. उकळते पाणी मोठ्यांनीच हाताळावे. आणि आपल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात उकडलेली अंडी एका तासाहून अधिक बाहेर ठेवू नयेत.

सर्बियात त्या शुक्रवारी रंगवलेले पहिले अंडे, बहुधा लालच, बाजूला काढतात. त्याला ‘चुवारकुचा’ म्हणतात, म्हणजे घराचा राखणदार. ते घरातल्या पवित्र चित्रापाशी पुढच्या ईस्टरपर्यंत राहते. बाकीच्या अंड्यांचे नशीब निराळे. रविवारी सकाळी ‘ख्रिस्त उठला’, ‘खरोखर उठला’ असे एकमेकांना म्हणत घरातली मंडळी बसतात, आणि प्रत्येक जण आपले अंडे दुसऱ्याच्या अंड्यावर टोकाशी टोक लावून आपटतो. ज्याचे फुटले तो हरला. आजोबा नातवाशी भांडतात, नातू लाकडाचे अंडे लपवून आणतो आणि पकडला जातो. शुक्रवारभर जपून बांधलेल्या त्या पानांच्या नक्षीची दुपारपर्यंत टरफले होऊन टेबलावर पसरलेली असतात, आणि आजी ती गोळा करताना पुढच्या वर्षासाठी कोणाचा मोजा फाटला आहे याची चौकशी करते.