म्हातारपणाची काठी



आपल्याकडे मुलाला म्हातारपणाची काठी म्हणतात. पेन्शन, प्रॉव्हिडंट फंड हे शब्द कानाला सरकारी वाटतात, पण मुळात त्या या काठीच्याच गोष्टी आहेत. हातपाय थकल्यावर घास कोणाच्या कमाईतून यायचा, एवढाच तो प्रश्न. पूर्वी त्याचे उत्तर घरातच असे. चार मुलगे, सामाईक चूल, आणि साठी ओलांडल्यावर फार वर्षे काढणारी माणसे थोडी.

सरकारने ही काठी हाती घेतली ती प्रथम जर्मनीत. १८८९ साली बिस्मार्कच्या कारकिर्दीत कामगारांसाठी वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला. कामगार व मालक दोघांनी हप्ता भरायचा, सरकारने थोडी भर घालायची, आणि सत्तरी गाठलेल्याला वेतन द्यायचे. सत्तर! त्या काळी किती कामगार सत्तरी पाहत असतील याचा विचार करा. पुढे १९१६ साली ही मर्यादा पासष्टवर आली. योजना चालली, कारण भरणारे पुष्कळ होते आणि घेणारे थोडे.

आज नेमके हेच गणित उलटत आहे. जपानमध्ये दर १०० माणसांत सुमारे २९ जण पासष्टीच्या पुढचे आहेत. फ्रान्सने २०२३ साली निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा केला, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर उतरले. चीनने जानेवारी २०२५ पासून पुरुषांचे निवृत्तीवय पंधरा वर्षांत ६० वरून ६३ पर्यंत नेण्यास सुरुवात केली आहे. श्रीमंत देश असो की बलाढ्य सरकार, आजच्या म्हाताऱ्याचे वेतन शेवटी आजच्या तरुणाच्या कमाईतूनच निघते. तरुण कमी झाले की एक तर हप्ता वाढवा, नाही तर वेतन घटवा, नाही तर माणसाला आणखी राबवा. चौथी वाट म्हणजे ज्याने त्याने तरुणपणीच स्वतःसाठी साठवावे.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे परदेशाचे झाले, आपला देश तर तरुणांचा. खरे आहे. पण २०११ च्या जनगणनेतच आपल्याकडे साठीच्या पुढचे १० कोटींहून अधिक लोक होते. आणि आपल्या समाजात मुले भरपूर, ही समजूतही आता जुनी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.४ वर आली. म्हणजे काठ्या निम्म्या झाल्या. त्यातली एक पुण्याला, एक दोह्याला. मुले वाईट नाहीत, मी रोज त्यांच्यातच वावरतो. पण त्यांच्यावर त्यांच्या मुलांच्या फीचा आणि घराच्या हप्त्याचा भार असणार आहे.

ज्यांना आपण पेन्शनवाले म्हणतो त्यांचेही चित्र बदलले आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सरकारी सेवेत वा अनुदानित शाळेत लागलेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम हमखास देणारी जुनी पेन्शन राहिली नाही. मीही त्यातलाच. दरमहा माझ्या पगारातून कापले जाते, सरकार आपला वाटा घालते, आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी संप केला तो याच प्रश्नावर. त्यानंतर हमीच्या नव्या योजनाही पुढे आल्या. ती चर्चा लांबेल, येथे सोडून देतो.

कारण या सभेत बसलेल्या बहुतेकांच्या पगारातून काही कापलेच जात नाही. भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कारागीर, फळांची गाडी लावणारा, गॅरेजवाला, रिक्षावाला, शिवणकाम करणारी भगिनी; यांचा मालक कोण? आणि आमच्या कोकणातल्या घराघरांतून आखातात गेलेले आपले भाऊ?

या भावांविषयी थोडे सविस्तर बोलतो. आखाती देशांत परक्या कामगाराला सहसा पेन्शन नसते, नोकरी सोडताना एकरकमी उपदान मिळते. संयुक्त अरब अमिरातीचा सर्वसाधारण नियम घ्या. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा. वीस वर्षे घाम गाळणाऱ्याचा हिशेब मांडला तर ५५५ दिवस, म्हणजे साधारण साडेअठरा महिन्यांचा मूळ पगार होतो. मूळ पगार, भत्ते धरून नव्हे! आणि साठी गाठलेला माणूस आपल्या देशात सरासरी आणखी अठराएक वर्षे जगतो. साडेअठरा महिन्यांचा पैसा अठरा वर्षांना पुरवायचा आहे. त्यात गावी आल्या आल्या दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पडतो, धाकटीच्या लग्नात हात सैल सुटतो, आणि दोन वर्षांत ते ‘फायनल सेटलमेंट’ संपते. वरचा मजला रिकामा राहतो. त्याला भाडेकरू मिळाला तर तीही पेन्शनच म्हणा, पण खेड्यात भाडेकरू मिळतो का?

भिशीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या भगिनी भिशी काटेकोरपणे चालवतात, एकही हप्ता चुकत नाही. म्हणजे बचतीची सवय आहे. पण भिशी वर्षा-दोन वर्षांत हाती येते आणि फ्रिजमध्ये नाही तर बांगड्यांत जाते. म्हातारपणासाठी लागते ती तीस वर्षे हात न लावण्याची शिस्त.

विद्यार्थ्यांनो, वही काढा. दरमहा १००० रुपये, दरसाल ७ टक्के वाढ धरा. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठाव्या वर्षी भरलेले होतात ४ लाख २० हजार आणि जमतात सुमारे १८ लाख. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर भरलेले १ लाख ८० हजार आणि जमलेले जेमतेम ३ लाख १७ हजार. पैशापेक्षा वर्षांनी जास्त काम केले. चक्रवाढीचे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे.

ज्यांना मालक नाही त्यांच्यासाठी सरकारच्या योजना आहेत. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. प्राप्तिकर न भरणाऱ्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. तीत १८ ते ४० वयात नाव घालता येते व साठीनंतर दरमहा १००० ते ५००० रुपयांची हमी मिळते. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी १४५४. योजना चांगली आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. महागाई दरसाल ५ टक्के धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत आजच्या नऊशे रुपयांचाच माल येईल. त्याला आधार म्हणावे, पोटभर जेवण नव्हे.

काही घरांत व्याजाचा प्रश्न निघेल. त्यावर निर्णय देण्याचा मला अधिकार नाही, तो जाणकारांना विचारावा. पण त्या कारणाने बचतच टाळू नये. मलेशियात हजसाठी थोडे थोडे साठवणाऱ्यांची संस्था १९६३ पासून चालली आहे. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने तिची कल्पना मांडली. ठेवी उद्योगांत व जमीनजुमल्यात गुंतवायच्या आणि व्याजाऐवजी नफा वाटायचा. २०१८ मध्ये तिची देणी मालमत्तेहून जास्त असल्याचे उघड झाले आणि सरकारला सावरावे लागले, हेही सांगितले पाहिजे. कोठेही पैसा ठेवा, हिशेब विचारत राहा. आपल्याकडे भाड्याचा गाळा आहे, कलमांची बाग आहे, तपासून घेतलेले समभाग आहेत. वाटा अनेक आहेत. मात्र ‘दर महिन्याला दहा टक्के देतो’ म्हणणारा ओळखीचा, नात्यातला, अगदी मशिदीत शेजारी बसणारा असला तरी त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवटी भगिनींसाठी. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि बहुधा नवऱ्याहून लहान असतात, म्हणून म्हातारपणाची शेवटची वर्षे त्यांच्या वाट्याला एकटीने येतात. त्यांच्या नावावर मात्र काहीच नसते. बँकेच्या पुस्तकावर, विम्याच्या कागदावर, फंडाच्या फॉर्मवर नामनिर्देशन कोणाचे आहे? पुष्कळांनी लग्नाआधी आईचे नाव लिहिले होते, ते तसेच राहिले आहे. आज घरी गेल्यावर कपाटातली ती पिशवी काढा, कागद बघा, आणि कोणता कागद कुठे ठेवला आहे हे घरधनिणीला समोर बसवून दाखवा.