तांड्यापासून पदवीपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यांत पुसदजवळ गहुली या बंजारा वस्तींत १ जुलै १९१३ रोजीं वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांना एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावें लागलें. पुढें नागपुरास राहून १९४० सालीं त्यांनीं वकिलीची पदवी मिळविली. १९६३ ते १९७५ पर्यंत ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ही कथा श्रोत्यांच्या परिचयाची आहे. तिच्यांतील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाहीं. हें घराणें तांड्याच्या नायकीचें, जमीनजुमला असलेलें होतें. मुलाला वर्षानुवर्षें परगांवीं ठेवण्याची ऐपत तेथें होती. शेजारच्या घरांत ती कोठून असणार?

विद्यापीठ पुढें जवळ आलें. नागपूरचें १९२३ चें. अमरावतीचें १९८३ सालीं निघालें, आणि १९८९ सालीं खुद्द यवतमाळांत वैद्यकीय महाविद्यालय झालें. राखीव जागांमुळें कोलाम-गोंडांच्या मुलांनाही दार उघडलें. पण वैद्यकाची प्रवेशपरीक्षा आतां सबंध देशाची एकच! तिच्यासाठीं खासगी शिकवणी हवी, आणि शिकवणीची फी कोरडवाहू कापसांतून निघावयाची.

पदवीनंतरचा भेद याहून सूक्ष्म आहे. नव्या वकिलास पहिलीं कांहीं वर्षें अशील क्वचितच मिळतात. ज्याच्या घरीं धान्य आहे तो थांबतो. ज्याच्या घरीं सावकाराचें देणें आहे तो मिळेल ती नोकरी धरतो. दोघांच्या पदवीवर मजकूर एकच असतो. पण वकिलांच्या गणतींत दुसऱ्याचें नांव येत नाहीं.